आत काहीच होत नाही, म्हणतेस

प्रिय पोरी,

प्रभूच्या नावाने सलाम.

तुझा मेसेज दोनदा वाचला. शिबिरात डोळे भरून यायचे आणि इथं चर्चमध्ये घड्याळाकडे लक्ष जातं, आत काहीच होत नाही, म्हणतेस. खरं बोललीस, बरं वाटलं. माझंही जातं, विशेषतः संदेश लांबला की. (पाळकसाहेबांना सांगू नकोस.)

पण आपल्याला काय मिळालं हे मोजायला आपण तिथं बसतो का? बायबलातल्या दावीद राजाला वेदी बांधायला यबूशी जमातीच्या अरवनाचं खळं हवं होतं. अरवना म्हणाला, खळं घ्या, बैल घ्या, जळणाला मळणीची अवजारं घ्या, पैसे नकोत. राजाने ऐकलं नाही. ५० शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी मोजली. जे मला फुकट पडलं ते देवाला कसं वाहू, हे त्याचं म्हणणं. मन भरून आलेल्या रविवारी गायला काय लागतं गं? कोरड्या मनाने उभं राहून म्हटलेलं कडवं, ते खरं पदरचं.

कोरडेपण लपवूही नकोस. बायबलातलं १३ वं स्तोत्र काढ. देवा, मला आणखी किती दिवस विसरणार, असा थेट सवाल आहे. असली तक्रारसुद्धा इस्राएल लोकांनी उपासनेतच गायली.

आता माझी फजिती. कसबा बावड्याच्या रानात थोरल्या भावाने बांध कोरला, असं माझं म्हणणं. मी कोरला, असं त्याचं. दोन वर्षं बोलणं बंद. आणि मी दर रविवारी पहिल्या रांगेत, पेटीवर! एकदा अर्पणाची पिशवी समोर आली, आणि त्याच उपासनेत मत्तयाच्या शुभवर्तमानाचा ५ वा अध्याय वाचलेला: भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपुढे ठेव, आधी जाऊन समेट कर. नोट हातातच राहिली. आशीर्वचन होताच सायकल काढली. वहिनीने चहा टाकला, भाऊ पेपरातून मान वर काढेना. शेवटी म्हणाला, "ऊस बरा हाय का तुझा?" बांध अजून तिथंच आहे, वाकडा. पण पुढच्या रविवारी पेटीवर बोटं ठेवली तेव्हा हात थरथरत होते. उपासना चर्चच्या दारात संपते, असं तोवर मी धरून चाललो होतो.

जुनी भजनं तुला रटाळ वाटतात, त्यावर मात्र भांडेन. वाइल्डर मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. मिशनच्या काळातल्या कितीतरी गीतांना विलायती चाली होत्या, आपल्या गळ्याला अवघडच. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आळवलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते सांगत. तुमचा कीबोर्ड वाजू दे, ड्रमही वाजू दे, पण त्या आवाजात शब्द बुडाले तर शेवटच्या बाकावरची म्हातारी काय म्हणणार? तिला अख्खं भजन पाठ आहे, स्क्रीन मात्र दिसत नाही.

या रविवारी तिच्या शेजारी बस. आणि तुझ्या आजीचं भजनाचं पुस्तक घेऊन ये. माझ्या पुस्तकाची पानं सुटलीत.

तुझा,
शब्बाथ शाळेतला काका