वानर आणि चितळ यांची मैत्री खरी असते का, आणि सफारीत ती ओळखायची कशी?

मैत्री म्हणजे जिव्हाळा असं म्हणायचं असेल तर तसा पुरावा नाही. पण एकमेकांचा उपयोग मात्र पक्का आहे. ताडोबा, पेंच, कान्हा, कुठेही झाडावर वानरांची टोळी चरत असली की खाली चितळं जमलेली दिसतात.

वानर अर्धं खातं, अर्धं टाकतं. कोवळी पानं, कळ्या, उंबर, जांभळं खाली पडतात. उन्हाळ्यात गवत वाळलं की चितळांना हा हिरवा पाला फार मोलाचा, कारण तेवढ्या उंचीवर त्यांचं तोंड पोचत नाही. खाण्याच्या बाबतीत फायदा चितळांचाच, हे स्पष्ट सांगायला हवं.

पहाऱ्यात मात्र दोघांचंही भलं होतं. वानराची नजर उंचावरून जाते. घाणेरीच्या जाळीआडचा बिबट्या त्याला दिसतो, चितळाला दिसत नाही. चितळाचं नाक आणि कान तिखट, पण वारा उलटा असेल तर नाक निकामी. वानरं पाण्यासाठी जमिनीवर उतरतात तेव्हा आजूबाजूची चितळं त्यांच्याही कामी येतात.

सफारीत गोंधळ होतो तो आवाजांचा. वानर नराची लांबलचक, घुमणारी ‘हूप-हूप’ म्हणजे धोक्याची सूचना नव्हे. ती आपल्या टोळीची हजेरी. धोक्याचा आवाज कोरड्या खोकल्यासारखा, ‘खक्... खक्-खक्’. चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, तीक्ष्ण आणि आखूड. एखादं चितळ एकदाच ओरडून पुन्हा चरायला लागलं तर तिकडे धावू नका, चितळं नुसत्या संशयानेही ओरडतात. शेपटी वर, पुढचा पाय जमिनीवर आपटणं, सगळ्यांचे कान एकाच दिशेला आणि वरून वानराचा खकार, असं जुळून आलं तर गांभीर्याने घ्या.

मग गाडी आवाजाकडे पळवू नका. इंजिन बंद करा आणि वानर कुठे टक लावून बघतंय ते पाहा. कॉल एका झाडावरून पुढच्या झाडाकडे सरकत असेल तर जनावर चालतंय. त्याच रेषेत पुढचा रस्ता किंवा पाणवठा असेल तिथे जाऊन थांबा. कॉल विरळ झाले म्हणून लगेच निघूही नका. वाघ बसला किंवा झुडपाआड गेला की वानरं गप्प होऊ शकतात, वाघ तिथेच असू शकतो.