गावचर्च, कॅथीड्रल आणि मंडळी

विचारणा अशी आहे: जर्मनीतल्या विटेनबर्गच्या ‘श्टाटकिर्ख’ला, म्हणजे गावच्या चर्चला, मराठीत ‘शहर कॅथीड्रल’ म्हणावं का, आणि तिथल्या ‘गेमाइन्ड’साठी, म्हणजे चर्चला जमणाऱ्या लोकांसाठी, ‘मंडळी’ हा शब्द जुनाट वाटेल का?

पहिल्याचं उत्तर ठणठणीत ‘नाही’. दोन उंच मनोरे दिसले की लगेच कॅथीड्रल! सहलीच्या जाहिरातींनी ही खोड लावली आणि आता शिकलेसवरलेलेही तेच लिहितात. ग्रीक ‘काथेड्रा’ म्हणजे आसन. बिशपचं, म्हणजे प्रांताच्या मुख्य धर्माधिकाऱ्याचं, आसन जिथे असतं ते कॅथीड्रल, मग इमारत केवढीही असो. विटेनबर्गला बिशप नव्हताच, ते ब्रांडेनबुर्गच्या बिशपच्या हद्दीत येई. तिथलं सेंट मेरीचं चर्च हे गावकऱ्यांचं चर्च, उल्लेख 1187 पासूनचा. तेव्हा सरळ ‘गावचर्च’ म्हणा. ‘नगरचर्च’ म्हणालात तर निम्मे वाचक पूर्वीच्या अहमदनगरला उतरतील. आणि हो, सोळाव्या शतकातला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यानं चर्चच्या दाराला 95 विधानं ठोकली ही गोष्ट ज्या दाराशी जोडतात ते दार या चर्चचं नव्हे, राजवाड्याच्या चर्चचं. ल्यूथरची प्रवचनं मात्र गावचर्चातली. 1522 च्या मार्चमध्ये, मूर्ती फोडण्यावरून गावात रण माजलेलं असताना, लागोपाठ आठ दिवस तो इथे बोलला आणि लोकांना शांत केलं.

आता शब्द. ‘चर्च’ आणि ‘किर्ख’ ग्रीक ‘कुरिआकोन’मधून, म्हणजे ‘प्रभूचं’ घर. त्यातल्या ‘कुरिओस’चं आपल्या ‘शूर’शी नातं आहे, पण ते सगळेच सांगतात. गोव्याची ‘इगर्ज’ निराळ्या घराण्यातली: पोर्तुगीज ‘इग्रेजा’, मागे ‘एक्लेसिया’, म्हणजे सभा. खुद्द ल्यूथरनं 1529 च्या ‘मोठ्या प्रश्नोत्तरी’त, म्हणजे धर्मशिक्षणाच्या पुस्तकात, ही दोन घराणी एकाच गाठोड्यात बांधली. ‘किर्ख’चा मूळ अर्थ म्हणे लोकांचा जमाव, ग्रीक ‘कुरिआ’ तोच लॅटिन ‘कूरिआ’. साफ चूक! भाषांतरात हा माणूस बापमाणूस, पण व्युत्पत्तीत त्याला हवं ते दिसायचं. त्याला हवं होतं ते मात्र रास्त होतं. ‘किर्ख’ म्हटलं की लोकांपुढे दगडविटा उभ्या राहतात, माणसं दिसत नाहीत, ही त्याची तक्रार. म्हणून त्याच्या जर्मन बायबलात येशू खडकावर जे बांधतो ते ‘किर्ख’ नाही, ‘गेमाइन’ आहे, म्हणजे ‘गेमाइन्ड’चंच जुनं रूप. इंग्रजांनी उलट केलं. बायबल इंग्रजीत आणणाऱ्या टिंडेलनं ‘काँग्रिगेशन’, म्हणजे जमलेले लोक, असं लिहिलं होतं, पण 1611 च्या इंग्रजी बायबलाच्या भाषांतरकारांना नियमच घालून दिला होता की ‘चर्च’ हाच शब्द ठेवायचा. बिशपांची आसनं हलू नयेत, दुसरं काय.

‘गेमाइन’ हे माझं लाडकं लेकरू. ‘गे’ म्हणजे सोबत, आणि ‘माइन’च्या मुळाशी अदलाबदल करणं. लॅटिन ‘कोम्मूनिस’ याचाच सख्खा भाऊ. संस्कृतात हा धातू ‘मे’, आणि तो रोज आपल्या तोंडी असतो: वि-नि-मय! म्हणजे ‘गेमाइन्ड’ आणि ‘विनिमय’ एकाच मुळाचे. कोशकार ‘सामाईक’ एवढा अर्थ देऊन हात झटकतात. मला ते पटत नाही. माझ्या मते या शब्दात देवघेव शेवटपर्यंत जिवंत राहिली. पुरावा विटेनबर्गातच आहे. 1522 च्या जानेवारीत गावानं ‘गेमाइनर कास्टन’ काढला, सामाईक पेटी. चर्चच्या वतनांचं उत्पन्न तिच्यात टाकायचं आणि त्यातून गरिबांना मदत, अडलेल्या कारागिरांना कर्ज, गरीब मुलींच्या लग्नाला पैसे. एका हातानं घालायचं, गरजेला दुसऱ्यानं काढायचं. हा विनिमय नाही तर काय आहे? शिवाय जर्मनीत आजही ‘गेमाइन्ड’ म्हणजे उपासनेला जमणारे लोकही आणि गावची पंचायतही.

अरे हो, ‘मंडळी’. जुनाट कुणाला वाटतो? ल्यूथरनं जिथे ‘गेमाइन’ लिहिलं त्याच जागी मराठी बायबलात हा शब्द आहे: ‘मी आपली मंडळी रचीन.’ क्रियापद पाहा, रचीन! आपल्या ख्रिस्ती लोकांत तो आजही सर्रास चालतो, आणि इमारत वेगळी, मंडळी वेगळी, हा भेद त्यांना कुणी शिकवावा लागत नाही. या गावचर्चात 1547 चं, चित्रकार क्रानाखचं वेदीमागचं चित्र आहे. त्याच्या खालच्या लांबट पट्टीत उजवीकडे ल्यूथर व्यासपीठावर, एक हात पुस्तकावर, दुसरा मधल्या क्रुसाकडे. डावीकडे गावकरी, बाया बसलेल्या, पुरुष मागे उभे. त्या बायकांत पुढे ल्यूथरची बायको काथारिना आहे असं मानतात. तेव्हा आजोबांच्या मराठीत बोलायचं, तर मंडळीत ल्यूथरच्या मंडळीही हजर आहेत.