तंबूतला स्वयंपाक निम्मा घरीच उरकावा

प्रश्न : नाताळच्या सुटीत आम्ही भंडारदऱ्याला, जलाशयाच्या काठी दोन रात्री तंबूत राहणार आहोत. आम्ही दोघे, सासूबाई, धाकटे दीर आणि सहा व अकरा वर्षांची दोन मुले, असे सहाजण आहोत. एका बर्नरची शेगडी सोबत असेल. गेल्या वर्षी अशाच सहलीत मी तिन्ही दिवस कांदे चिरण्यात आणि पोळ्या लाटण्यात अडकले आणि सूर्यास्त नंतर फोटोत पाहिला. या वेळी सोपे, पोटभरीचे आणि मुले आवडीने खातील असे काय करता येईल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या पत्रातले सूर्यास्ताचे वाक्य वाचून वाईट वाटले, कारण घरातल्या एकीने शेगडी सांभाळायची आणि बाकीच्यांनी सहल करायची, हे चित्र मी अनेक कुटुंबांत पाहिले आहे. त्यावर उपाय एकच आहे : चिरणे, भाजणे आणि फोडणी ही तिन्ही कामे निघण्याच्या आदल्या दिवशी सर्वांनी मिळून घरीच उरकावीत आणि तंबूपाशी फक्त पाणी उकळण्याचे काम शिल्लक ठेवावे. ते काम दीरही करू शकतील आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली अकरा वर्षांचे मूलही मदत करू शकेल.

पहिल्या दिवशी वाटेतल्या जेवणासाठी दशम्या न्याव्यात. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवल्यामुळे त्या मऊ राहतात. त्यांच्यासोबत कांदा न घातलेली बटाट्याची कोरडी भाजी न्यावी, मात्र ती त्याच दुपारी संपवावी. रात्रीसाठी मुगाच्या डाळीची खिचडी करावी. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ घरी कोरडीच मंद आचेवर भाजून, गार झाल्यावर हळद, मीठ, हिंग आणि गोडा मसाला मिसळून डब्यात भरावी. तेथे नऊ वाट्या पाणी घालून पाच लिटरच्या कुकरमध्ये तीन शिट्ट्या केल्या की सहाजणांची मऊ खिचडी तयार होते. तीन लिटरचा कुकर नेऊ नये, कारण डाळ-तांदळासाठी कुकर अर्ध्यापेक्षा अधिक भरायचा नसतो. डिसेंबरात मटार भरपूर मिळतात, म्हणून ते सोलण्याचे काम मुलांना द्यावे आणि दाणे खिचडीत घालावेत. वर तूप, सोबत मेतकूट आणि लोणचे असले की आणखी कशाची गरज उरत नाही.

सकाळच्या उपम्याची तयारीही अशीच करता येते. तीन वाट्या रवा खमंग भाजावा. वेगळ्या कढईत तेलाची मोहरी-जिऱ्याची फोडणी करून तिच्यात सुक्या मिरच्या आणि कढीपत्ता पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत तळावा आणि मीठ व थोडी साखर यांच्यासह रव्यात मिसळावा. कढीपत्त्यात ओल राहिली तर मिश्रण खराब होते, एवढेच येथे जपायचे. तंबूपाशी साडेसात वाट्या पाण्याला खळखळून उकळी आली की मिश्रण ढवळत घालावे आणि दोन मिनिटांनी शेगडी बंद करून पातेले झाकावे. पाच-सात मिनिटे झाकून ठेवले की रवा आपल्याच वाफेत फुलतो.

दुसऱ्या दिवशी रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर पाहायला जाणार असाल, तर दुपारसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी आणि गाजरे पुरेशी आहेत. ओल्या खोबऱ्याची चटणी मात्र नेऊ नये, कारण ती लवकर आंबते.

त्या रात्रीचे पिठले मला या सर्व बेतात सर्वांत महत्त्वाचे वाटते. घरी चार चमचे तेलात मोहरी, जिरे, हिंग आणि ठेचलेला लसूण घालावा व लसूण लालसर, कडक होऊ द्यावा. हळद-तिखट घालून लगेच दोन वाट्या बेसन टाकावे आणि मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत परतावे. मीठ गार झाल्यावर घालावे. एरवी आपण उकळत्या पाण्यात पीठ पेरतो, पण तंबूच्या अंधारात, बॅटरीच्या उजेडात गुठळ्या दिसत नाहीत. म्हणून हे मिश्रण आधी सहा वाट्या थंड पाण्यात कालवावे आणि मग शेगडीवर ठेवून सतत ढवळावे. पाच-सात मिनिटांत ते रटरटू लागते, पळीला जड लागते आणि कडेने तेल दिसू लागते, तेव्हा उतरवावे. भाकरीसाठी परातीचा पसारा नेऊ नका. जलाशयाच्या परिसरातल्या गावांत आदल्या दिवशी सांगितल्यास घरगुती भाकरी करून मिळते. त्या भागात भात आणि नागली पिकते, म्हणून नागलीची भाकरी आवर्जून मागावी.

थालीपीठ मी मुद्दाम वगळले आहे. भाजणी नेणे सोपे असले, तरी एका शेगडीवर एकेक थालीपीठ भाजायला चार-पाच मिनिटे लागतात. सहाजणांची बारा थालीपिठे म्हणजे जवळजवळ तासभर तव्यापाशी उभे राहणे आले.

निघण्याच्या सकाळी शेगडी पेटवूच नये. पातळ पोहे, गूळ आणि टेट्रापॅकमधले दूध यावर भागवावे. हे दूध पाकीट फोडेपर्यंत फ्रिजशिवाय टिकते, पण फोडल्यावर उरवू नये.

आता शेगडीविषयी. जलाशयाच्या काठी वारा असतो. अशा वाऱ्यात एकदा माझ्या कुकरला पाऊण तास शिट्टी झाली नव्हती आणि मुले बिस्किटे खाऊन झोपली होती. तेव्हापासून मी शेगडीच्या तीन बाजूंना उभा करता येईल असा पत्र्याचा आडोसा नेते. तो गॅसच्या सिलिंडरला मात्र वेढू नये, कारण सिलिंडर तापणे धोक्याचे आहे. वारा चुकवण्यासाठी शेगडी तंबूत नेणे तर कटाक्षाने टाळावे. बंद जागेत ज्वलनातून साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेऊ शकतो. रतनवाडीचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि राखीव वनात विस्तव पेटवणे १९२७ च्या वन कायद्यानुसार गुन्हा आहे, त्यामुळे चुलीचा विचार मनात आणू नये. शिवाय धुरामुळे आग्या मोहोळ उठण्याची भीती असते. तंबूच्या व्यवस्थापनाने ठरवलेल्या जागी शेकोटी केली असेल, तर तिच्या गरम राखेत रताळी पुरावीत. अर्ध्या-पाऊण तासात ती आतून मऊ होतात आणि मुलांना वाट पाहायला एक निमित्त मिळते.

प्रश्न : अंडी घरून उकडून न्यावीत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. कच्ची अंडी न धुता, पुठ्ठ्याच्या खोक्यात न्यावीत आणि तेथे दहा-बारा मिनिटे उकडून लगेच खावीत. उकडल्यावर ती फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नयेत.

प्रश्न : थंडी असतेच, तर रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला टाकला तर चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : घरी फ्रिजमध्ये ठेवलेल्या भाताची गोष्ट निराळी आहे, तंबूत मात्र हे करू नये. तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवतानाही टिकतात. भात फ्रिजबाहेर राहिला की त्यांची वाढ होऊन जे विष तयार होते, ते फोडणीच्या उष्णतेने नष्ट होत नाही. बाहेर कितीही गारठा वाटला, तरी झाकलेल्या पातेल्यातला भात तासन् तास कोमट राहतो. त्यामुळे मोजूनच शिजवावे : खिचडीसाठी मोठ्या माणसाला डाळ-तांदूळ मिळून अर्धी वाटीभर आणि लहान मुलाला त्याच्या निम्मे धरले, तर सहसा उरत नाही. एखादा घास कमी पडला, तर भडंगाचा डबा जवळ असू द्यावा.