‘व्यर्थ’ की वाफ?

प्रश्न : वडिलांच्या प्रार्थनासभेत बायबलमधल्या ‘उपदेशक’ या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचला. ‘सर्व काही व्यर्थ’ हे शब्द तेव्हापासून मनात सलताहेत. माणूस जन्मभर राबला, ते सगळं व्यर्थ? मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ खरंच असा आहे का?
– एक वाचक

उत्तर : मूळ शब्द आहे ‘हेवेल’. तोंडापुढे तळहात धरा आणि तो सावकाश म्हणा. ‘हे’ म्हणताना हाताला ऊब लागते, ‘ल’वर येईतो ती विरलेलीही असते. माझ्या हिब्रूच्या शिक्षकांनी मला हा शब्द असाच शिकवला, शब्दकोश नंतर उघडला.

हेवेल म्हणजे श्वास, वाफ, फुंकर. बायबलमधल्याच ‘यशया’ या पुस्तकात (अध्याय ५७, वचन १३) मूर्तींना वारा उडवून नेतो, हेवेल घेऊन जातो. तिथे अर्थ अगदी शब्दशः फुंकर. उपदेशक १:२ या एकाच वचनात तो पाच वेळा येतो. बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने तिथे ‘व्हानितास’ लिहिलं, म्हणजे पोकळपणा, आणि पुढच्या कितीतरी भाषांतरांवर त्याची छाया पडली. ‘व्यर्थ’ला मी चूक म्हणणार नाही, काही ठिकाणी तो चपखल बसतो. पण ‘व्यर्थ’ म्हटलं की निकाल लागतो. वाफेचं तसं नाही. ती असते, ऊबही देते, फक्त मुठीत राहत नाही. उपदेशक ८:१४ मध्ये नीतिमानाच्या वाट्याला दुष्टाचं फळ येतं, तेही हेवेलच. तिथे हा शब्द कडू आहे : कितीही विचार करा, हाती काही लागत नाही.

आता बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, चौथा अध्याय काढा. आदामाच्या ज्या मुलाला आपण हाबेल म्हणतो, त्याचं हिब्रू नाव हेवेल. तीच तीन अक्षरं. बायबलमधला पहिला मृत्यू त्याचा. उत्पत्तीत त्याच्या तोंडी एक शब्द नाही, त्याला मूलबाळ झाल्याची नोंद नाही. पण त्याचं अर्पण देवाने स्वीकारलं. त्याला व्यर्थ कोण म्हणेल? मराठीत ‘हाबेल’ आणि ‘व्यर्थ’ यांचं नातं कानावर पडतच नाही, याची मला फार हळहळ वाटते.

आणि उपदेशक ९:९ वाचा. तुझ्या हेवेल आयुष्याचे सगळे दिवस प्रिय पत्नीच्या सोबतीने सुखात घालव, असं तो उपदेशक सांगतो. टाकाऊ दिवसांबद्दल असं कुणी बोलत नाही. वडिलांच्या आठवणीत पुन्हा वाचन ठेवाल, तेव्हा हा नववा अध्याय घ्या, आणि ‘व्यर्थ’ येईल तिथे मनात ‘वाफ’ म्हणा.