चोखणी सुटेना

प्रश्न : माझी मुलगी २१ महिन्यांची आहे. तिसऱ्या महिन्यात फार रडायची म्हणून चोखणी दिली, ती आता दिवसभर तोंडात असते. झोपेत तोंडातून पडली की मुलगी रात्री दोन-तीनदा रडत उठते. सासूबाई म्हणतात, कडुनिंब वाटून लाव. हे म्हणतात, मोठी झाली की सुटेल. मी काय करू?
– एक आई, इचलकरंजी

उत्तर : माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून अगं-तुगं करते. कडुनिंब मीही लावून पाहिलाय, माझ्या धाकट्याच्या चोखणीला. पठ्ठ्याने तोंड वेडंवाकडं केलं, चोखणी माझ्या पदराला पुसली आणि पुन्हा तोंडात घातली. वर दोन दिवस माझ्या हातचा वरणभातही संशयाने हुंगून खात होता. तेव्हा ते नको.

तुझ्या यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. सुटते आपोआप, पण तिशीच्या आत सुटेल या हिशेबाने थांबू नये. तीन वर्षांच्या पुढे सवय राहिली तर पुढचे दात मिटत नाहीत, मधे फट पडते. त्याआधी सुटली तर ती फट बहुतेकदा आपली आपण भरून येते. शिवाय चोखणीवाल्या मुलांचे कान जास्त दुखतात.

आता एक कर. उद्या दिवसभर कॅलेंडरच्या पानामागे रेघा मार. तिने मागितली तर उभी रेघ, न मागता कुणी दिली तर आडवी. मी मारल्या होत्या. चौदातल्या नऊ आडव्या! एक तर केवळ शेजारीण गप्पा मारायला आली म्हणून. त्या आडव्या रेघा आधी बंद करा, त्यात मुलीचा काही संबंधच नाही.

मग चोखणीचा मुक्काम अंथरुणात. झाकणाच्या डब्यात, उशाशी. दिवसा हवी असेल तर तिथे जाऊन आडवं व्हायचं. खेळ सोडून कोण आडवं होतंय? दोन-चार मिनिटांत उठून येते. तोंडातलं बूच निघालं की बडबडही वाढते, बघ.

रात्र सगळ्यात शेवटी. ती भुकेने उठत नाही. डोळा लागताना तोंडात असलेली वस्तू जाग आल्यावर सापडत नाही, म्हणून रडते. तेव्हा चोखणीशिवाय डोळा लागायला शिकवायचं. थोपट, पाठीवरून हात फिरव, सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची गोधडी दे. कडुनिंबापेक्षा त्यांचं हे औषध चांगलं. तीन-चार रात्री वाईट जातील. त्या रात्री उठायची पाळी यांची. दाढा येत असतील, ताप असेल किंवा नुकतंच पाळणाघर बदललं असेल तर पंधरा दिवस थांब.

गळ्यात दोऱ्याने अडकवली असेल तर तो दोरा आज, हे वाचून झाल्याबरोबर काढ. टोक कापून देऊ नकोस, तुकडा सुटून घशात जातो. मध-साखर लावणंही नको, दुधाचे दात किडतात.

आणि शेवटची चोखणी सकाळी थेट घंटागाडीत टाक, घरच्या डब्यात नको. आमच्याकडे रात्री अडीचला बॅटरी घेऊन कचरा उपसत बसलेले सापडले ते आमचे हे.