घर तेच, विधायक दुसरा : इंदूरच्या नंबरांची भानगड

मागच्या वेळी वार्ड आणि पार्षदांबद्दल (म्हणजे नगरसेवकांबद्दल) चार ओळी लिहिल्या तर विधानसभेबद्दलच पत्रांचा ढीग आला. जेवढं जमतंय तेवढं घेतलंय. आणि हो, महाराष्ट्रातल्या वाचकांनी सांभाळून घ्या, आम्ही इंदूरचे मराठी लोक आमदाराला विधायकच म्हणतो, तोंडात तेच बसलंय.

प्रश्न : लग्न होऊन पुण्याहून इंदूरला आले त्याला सहा महिने झाले. इथे कोणी मतदारसंघाचं नावच घेत नाही, सासरे म्हणतात आपण चार नंबर, नणंद दोन नंबरमध्ये दिलीये, मावससासूबाई तीन नंबरच्या. मला आधी वाटलं सिटी बसचे नंबर आहेत. पुण्यात कसं कसबा, पर्वती, कोथरूड अशी नावं असतात. इथे नावं का नाहीत?
— चार नंबरची नवी सून

उत्तर : सूनबाई, पहिली गोष्ट म्हणजे नणंद दोन नंबरमध्ये दिलीये हे पुण्यात माहेरी असंच्या असं सांगू नका, भलताच अर्थ निघेल. बाकी तुमचं निरीक्षण बरोबर आहे. शहरातल्या पाच जागांची सरकारी नावंच इंदूर-१ ते इंदूर-५ अशी आहेत, जिल्ह्यातल्या बाकी चारांना मात्र नावं आहेत, देपालपूर, महू, राऊ आणि सांवेर. आता गंमत अशी की मध्यप्रदेशच्या २३० जागांच्या यादीत या पाचांचे क्रमांक २०४ ते २०८, म्हणजे तुमचा चार नंबर कागदावर २०७ असतो. मतदार यादीत २०७ दिसला तर आपलं नाव दुसरीकडे गेलं म्हणून घाबरू नका. माझ्या आत्याने एकदा याच्यावरून घर डोक्यावर घेतलं होतं.

प्रश्न : माझी आई ८१ वर्षांची आहे, तिच्या डोक्यात भाजपचे कैलाश विजयवर्गीय म्हणजे चार नंबर हे पक्कं बसलंय. माझ्या डोक्यात दोन नंबर. माझ्या मुलीला विचारलं तर ती म्हणते एक नंबर. आणि महूचा भाचा म्हणतो आमचे होते. चौघांत खरं कोण?
— एक वाचक, रामबाग

उत्तर : चौघंही. आई सांगतात ते १९९० चं, तेव्हा ते पहिल्यांदा विधानसभेत गेले ते चार नंबरमधूनच. ती विधानसभा पाच वर्षं चाललीच नाही, डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येनंतर राज्यातलं सुंदरलाल पटवांचं भाजप सरकार बरखास्त झालं आणि १९९३ ला परत निवडणूक लागली, तेव्हा ते दोन नंबरला सरकले आणि चार नंबरमध्ये लक्ष्मणसिंह गौड आले. दोन नंबरमधून ते १९९३, १९९८, २००३ असे तीनदा, मग २००८ आणि २०१३ ला महू, २०१८ ला स्वतः उभेच राहिले नाहीत, तीन नंबरमधून मुलगा आकाश निवडून आला, आणि २०२३ ला हे एक नंबरमधून. म्हणजे शहरातल्या पाचपैकी तीन जागा नि वर महू, आणि विधानसभेला एकदाही पडले नाहीत. ते पटो न पटो, आवडो न आवडो, हा हिशोब मान्य करावाच लागतो.

भाजपच्याच उषा ठाकूर यांचाही प्रवास बघा, २००३ ला एक नंबर, २०१३ ला तीन नंबर, २०१८ आणि २०२३ ला महू. मतदार बिचारा जन्मभर एकाच बूथवर, त्याच शाळेच्या त्याच खोलीत रांग लावतो, आणि विधायक मात्र गावभर फिरतात. पूर्वी मला याचा राग यायचा, की माझ्या गल्लीची ड्रेनेजची लाइन कुठून जाते हे समजेपर्यंत माणूस दुसरीकडे गेलेला. पण चार नंबरवाल्यांना विचारा, त्यांची तक्रार उलटी आहे. तिथे लक्ष्मणसिंह गौड १९९३ पासून लागोपाठ तीनदा, फेब्रुवारी २००८ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात ते गेले, त्यानंतर पत्नी मालिनी गौड २००८, २०१३, २०१८, २०२३. तीस वर्षं एकच घर. मधे २०१५ ते २०२० त्या महापौर पण होत्या, इंदूर पहिल्यांदा स्वच्छतेत देशात पहिलं आलं ते त्यांच्याच काळात, २०१७ ला. पाच नंबरमध्ये महेंद्र हार्डिया २००३ पासून पाचदा, त्यातलं २०१८ चं अंतर फक्त १,१३३ मतांचं होतं हे आता लोक विसरलेत. म्हणजे काही ठिकाणी चेहरा टिकत नाही, काही ठिकाणी बदलत नाही, आणि दोन्हीकडे पानाच्या दुकानावर ऐकायला येणारी कुरकुर एकच असते.

तीन नंबर राहिलाच. रामबागवाल्याला काय सांगायचं म्हणा, तुम्हाला पाठ असेल. तिथे काँग्रेसचे महेश जोशी, त्यांनी १९८५ ला सुमित्रा महाजनांना हरवलं, मग १९९८ पासून तीन वेळा त्यांचे पुतणे अश्विन जोशी, आणि २०२३ ला महेश जोशींचा मुलगा पिंटू जोशी उभा राहिला, पण निवडून आले भाजपचे गोलू शुक्ला. गोलूंचे चुलतभाऊ संजय शुक्ला २०१८ ला एक नंबरमधून काँग्रेसचे विधायक होते, २०२३ ला विजयवर्गीयांकडून हरले आणि मार्च २०२४ मध्ये भाजपमध्ये गेले. इंदूरचं राजकारण समजायला पक्षाच्या आधी वंशावळ काढावी लागते ती अशी.

प्रश्न : एबी रोडच्या दक्षिण टोकाकडच्या कॉलनीत १९९४ पासून राहतो, घर बदललं नाही, गल्ली बदलली नाही. २००८ ला पर्चीवर एकदम राऊ आलं. राजवाड्यावर जायला आम्हाला अर्धा तास आणि आम्ही राऊचे? कोणी विचारलं होतं का आम्हाला?
— एक निवृत्त बँकवाले

उत्तर : काका, विचारलं होतं, पण पेपरात बारीक अक्षरात हरकती मागवतात त्या पद्धतीने. याला परिसीमन म्हणतात. न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या आयोगाने २००१ च्या जनगणनेवर देशभर सीमा नव्याने आखल्या आणि आपल्याकडे नोव्हेंबर २००८ ची विधानसभा त्या सीमांवर झाली. राज्याच्या जागा तेवढ्याच, २३०, पण जिल्ह्याच्या आठाच्या नऊ झाल्या, ती नववी म्हणजे राऊ. शहर दक्षिणेकडे पसरत होतं म्हणून. पहिले विधायक भाजपचे जितू जिराती, मग २०१३ आणि २०१८ काँग्रेसचे जितू पटवारी, २०२३ ला भाजपचे मधू वर्मा. दोन जितू झाल्यामुळे आमच्या ऑफिसात कोणत्या जितूबद्दल बोलणं चाललंय हे विचारावं लागायचं.

पण काका तुमची तक्रार मी थोडी पुढे नेतो. २००१ ला मध्यप्रदेशची लोकसंख्या सहा कोटी तीन लाखांच्या वर होती, २३० ने भागा, एका जागेला साधारण २ लाख ६२ हजार माणसं येतात, लहान मुलं धरून. आता २०२३ ला एकट्या पाच नंबरमध्ये मतदारच चार लाखांच्या वर होते, कारण तिकडे नव्या कॉलन्या आणि टाउनशिप उठल्या, आणि जुन्या शहरातल्या तीन नंबरमध्ये दोन लाखांच्या आत. म्हणजे तीन नंबरच्या माणसाचं मत पाच नंबरवाल्याच्या दुप्पट वजनाचं झालं की नाही? तुम्ही राऊत गेलात म्हणून रागावलात, मला विचाराल तर खरी रागवायची गोष्ट ही आहे.

प्रश्न : वडील हुकुमचंद कापड मिलमध्ये होते. त्यांच्या तोंडी होमी दाजी, द्रविड हीच नावं. आता दोन नंबरमध्ये एक लाखाच्या फरकाने भाजप येते. मजूर कुठे गेले?
— नंदानगर

उत्तर : गेले कुठेच नाहीत, त्याच घरांत त्यांची मुलं आहेत, तुम्हीच पत्र लिहिलंत ना. होमी दाजी लाल झेंड्याचे, १९५७ ला विधानसभेत आणि १९६२ ला इंदूरहून थेट लोकसभेत. व्ही. व्ही. द्रविड इंटक या कामगार संघटनेचे, म्हणजे काँग्रेसचे. मजुरांत दोन तट, पण दोन्ही भांडणं मिलच्या गेटावरची. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ ला बंद पडली, आणि दोनच वर्षांनी १९९३ ला दोन नंबर भाजपकडे गेला तो आजवर परतला नाही. आता मिल बंद पडली म्हणूनच मत फिरलं असं मी म्हणणार नाही, राममंदिराची हवा होती, आणि विजयवर्गीय स्वतः नंदानगरचे, घरचा मुलगा. पण भोंगाच वाजत नाही तर युनियनवाला उभा कुठे राहणार? २००८ पासून तिथे रमेश मेंदोला, २०१३ ला फरक ९१ हजार, २०२३ ला १ लाख ७ हजार. मजुरांच्या थकबाकीचे २२४ कोटी डिसेंबर २०२३ ला मिळाले, बत्तीस वर्षांनी. तुमच्या वडिलांना मिळाले असतील अशी आशा करतो.

प्रश्न : सांवेरमध्ये आम्ही एकाच माणसाला आधी पंजावर आणि मग कमळावर मत दिलं. हे असं चालतं?
— सांवेर

उत्तर : चालतं, फक्त मधे राजीनामा द्यावा लागतो. निवडून आल्यावर सरळ पक्ष बदलला तर सदस्यत्व जातं, म्हणून मार्च २०२० मध्ये काँग्रेस सोडणाऱ्या ज्योतिरादित्य सिंधियांबरोबरच्या २२ जणांनी आधी राजीनामेच दिले, त्यात तुलसी सिलावट. कमलनाथ सरकार पडलं आणि नोव्हेंबरात पोटनिवडणुकीत सिलावट कमळावर ५३ हजारांनी आले. समोर काँग्रेसचे प्रेमचंद गुड्डू, जे स्वतः २०१८ ला भाजपमध्ये जाऊन परत आले होते. तुमच्याकडे चिन्हं पाहून मत देणाऱ्याची खरंच पंचाईत झाली असणार.

प्रश्न : इंदुरात एवढे मराठी, मग मराठी विधायक का दिसत नाही?
— बरेच जण

उत्तर : हा प्रश्न दर वेळी येतो. ताई, म्हणजे सुमित्रा महाजन, १९८५ ला विधानसभेला पडल्या, आणि १९८९ ला प्रकाशचंद्र सेठींसारख्या माजी मुख्यमंत्र्याला हरवून लोकसभेत गेल्या त्या लागोपाठ आठ वेळा, वर लोकसभेच्या अध्यक्ष. कृष्णमुरारी मोघे महापौर झाले. म्हणजे मोठ्या मैदानात मराठी नाव चालतं. विधानसभेत अडचण अशी की आपण तीन, चार, पाच आणि राऊ सगळीकडे थोडे थोडे सांडलेलो, एका नंबरमध्ये टिकट मागण्याएवढे गोळा कुठेच नाही. आणि खरं सांगू का, गणेशोत्सवाच्या वर्गणीची मीटिंग असली की जेवढे येतो तेवढे बूथच्या कामाला येत नाही.

प्रश्न : मग आता नंबर परत कधी बदलणार? आणि मुलगा निपानियाला राहायला गेलाय, त्याच्या नावाचं काय?
— तेच निवृत्त बँकवाले

उत्तर : काका, घटनेच्या ८४ व्या दुरुस्तीप्रमाणे २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे आले की. महिलांसाठी एक तृतीयांश जागांचा २०२३ चा कायदा पण परिसीमनालाच बांधलेला आहे. तोवर तुम्ही राऊचेच. मुलगा निपानियाला राहायला गेलाय म्हणालात, त्याचं नाव अजून तुमच्याच यादीत असेल तर पत्ता बदलायचा फॉर्म ८ भरायला सांगा, ऑनलाइन होतो, अडलं तर मतदार हेल्पलाइनच्या १९५० नंबरवर फोन करा.