आधी पेलेट तपास, मग रायफल

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

शॉट फाकतात म्हणून नवीन एअर रायफलसाठी बाबांच्या मागे लागणार आहेस असं फोनवर म्हणालीस. जरा थांब. दोष रायफलचा आहे हे अजून कुणी तपासलेलंच नाही. आधी पेलेट, म्हणजे तिच्यातली शिशाची छोटी गोळी, तपासू.

दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका जेमतेम ०.५ मिमीचा. ४.५ मिमीच्या पेलेटची कड त्याला टेकली तरी १० मिळतात, पण तिथून आत दर ०.२५ मिमीला ०.१ गुणाचा फरक पडतो. सामन्यातल्या ६० शॉट्सचा हिशेब तूच मांड. आपल्या नाशिकमध्ये सराव करून पुढे गेलेल्या स्वप्नील कुसळेनं २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ब्राँझ मिळवलं, ते ४५१.४ गुणांवर. त्या फायनललाही दशांशच मोजले गेले.

कोच हजर असताना रायफल वाइसमध्ये, म्हणजे घट्ट धरणाऱ्या शिकंज्यात, बसवून घे. नळी मात्र मोकळी राहू दे, ती आवळली की सगळी चाचणी फुकट. ४.४९ आणि ४.५० अशा वेगवेगळ्या हेड साइजचे (पेलेटच्या डोक्याचा व्यास, मिमीमध्ये) डबे घे आणि प्रत्येकातले दहा-दहा पेलेट मार. पाचांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, नशिबानंही सुरेख येतो, त्यावर विसंबू नकोस. पुंजक्याची बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंतची रुंदी कॅलिपरनं मोज आणि त्यातून ४.५ वजा कर. रुंदी ७ आली तर सर्वांत लांबच्या दोन पेलेटांच्या मध्यांमधलं अंतर २.५ मिमी. हेच सगळं दुसऱ्या दिवशी पुन्हा कर. दोन्ही दिवस जो डबा सरस ठरेल, त्याच्या मागचा बॅच नंबर लिहून ठेव आणि तोच बॅच जमेल तेवढा एकदम घे. कंपनी तीच, साइज तीच, तरी बॅच बदलला की ग्रुप फाकू शकतो.

शिसं फार मऊ. गंगापूर रोडच्या खड्ड्यांतून दप्तरात आदळत आलेल्या डब्यातल्या पेलेटांचा मागचा पोकळ घेर चेपतो. नळीत घालण्याआधी तो उजेडात बघ. जराही लंबगोल दिसला, किंवा पेलेट फरशीवर पडला, तर सरळ बाजूला टाक. एकेक वजन करत बसू नकोस. स्पर्धेसाठीच्या चांगल्या मॅच पेलेटमध्ये त्या खटाटोपाचा उपयोग नाही असं माझं मत आहे.

वाइसमध्ये ग्रुप घट्ट आला आणि तुझ्या हातात फाकला, तर रायफलचा विषय संपला. पेलेट सेकंदाला साधारण १७० मीटरनं जातो, म्हणजे सावकाशच. ट्रिगर सुटल्यावर तो नळीबाहेर पडायच्या आत गाल उचलला की शॉट गेलाच. स्कोअर बघायची घाई तिथेच नडते. शॉटनंतरही साइटमधून बघत राहा.

आणि हे नक्की पाळ: सराव झाला की साबणानं हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. शिसं पोटात जाणं वाईट, लहान मुलांना तर फारच. पेलेटचे डबे धाकट्याच्या हाती लागणार नाहीत असे वर, कुलपात ठेव.

तुझी,
मावशी